मुलांच्या कॉलेजसाठी सरकारी कर्ज : सही करण्यापूर्वीचा हिशेब

जून-जुलै उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच प्रश्न घरोघर फिरू लागतो. मुलाने बारावी काढली, प्रवेश परीक्षेत बरे गुण मिळवले, यादीत नाव लागले. आता फी कुठून आणायची? बाप दुकानाच्या गल्ल्याकडे पाहतो, आई हातातल्या बांगड्यांकडे पाहते, आणि मुलगा दोघांच्या तोंडाकडे पाहतो. कित्येक घरांत या प्रश्नाचे उत्तर न सापडल्यामुळे शिक्षण बारावीला थांबते आणि पोरगा दुकानात बसतो. दुकानात बसणे वाईट नाही. पण ते स्वखुशीने असावे, माहिती नव्हती म्हणून नसावे.

आमच्या ओळखीचे एक गादी-कारखानदार आहेत. थोरल्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फीची सवलत वजा जाता वसतिगृह, पुस्तके आणि उरलेली फी मिळून वर्षाला सुमारे एक लाख रुपये लागणार होते. ज्या शेठकडून ते कापूस व कापड उधारीवर उचलतात, त्यांनीच रक्कम देऊ केली. दर होता महिन्याला शेकडा तीन. "तीनच टक्के आहे, बँकेत तर दहा सांगतात," असे ते आम्हाला म्हणाले. महिन्याचे तीन टक्के म्हणजे वर्षाचे छत्तीस. एका लाखावर बँकेत वर्षाला १०,००० रुपये व्याज होते, तर शेठकडे ३६,०००. आयुष्यभर धंदा केलेला, वाराचा आणि गजाचा हिशेब तोंडपाठ असलेला माणूस महिन्याच्या दराला वर्षाच्या दराशी तोलून बसला होता. चूक त्यांच्या अकलेची नव्हती. त्यांना शैक्षणिक कर्जाचा कागद कोणी कधी समजावून सांगितलाच नव्हता. तो कागद आज आपण वाचू.

'सरकारी कर्ज' म्हणजे नेमके काय?

पहिली गोष्ट ही की आपण ज्याला सरकारी कर्ज म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय कुठे जायचे हेच कळत नाही.

एक, बँकेचे शैक्षणिक कर्ज. इथे पैसा बँकेचा असतो. नियम मात्र इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ साली तयार केलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेला धरून असतात. रिझर्व्ह बँकेने ही योजना राबवण्यास बँकांना सांगितले आणि पुढे तिच्यात वेळोवेळी बदल होत गेले.

दोन, सरकारचा टेकू. सरकार इथे कर्ज देत नाही. ते काही काळाचे व्याज स्वतः भरते किंवा कर्ज बुडाल्यास बँकेला हमी देते. अर्ज मात्र बँकेकडेच करावा लागतो.

तीन, महामंडळाचे कर्ज. केंद्रात १९९४ पासून राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ आहे. महाराष्ट्रात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. इथे सरकारी पैसा कमी दराने मिळतो.

जो माणूस बँकेत जाऊन "अनुदानाचे पैसे द्या" म्हणतो आणि महामंडळात जाऊन "बँकेचा अर्ज द्या" म्हणतो, त्याचे दोन्हीकडे हेलपाटे होतात.

कर्जाच्या आधी फीची सवलत

कोणताही शहाणा व्यापारी आधी सूट मागतो आणि मग उधारी. इथेही तसेच करावे. कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी फीची सवलत आणि शिष्यवृत्ती पाहावी.

महाराष्ट्रात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांची निम्मी शिकवणी फी सरकार भरते. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून मोठा बदल झाला आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे आणि ज्यांचा प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला आहे, त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आपल्यातील बागवान, पिंजारी, तांबोळी, मोमीन अशा कितीतरी बिरादऱ्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत. पण दाखला काढून ठेवलेला नसतो. प्रवेशाच्या आठ दिवस आधी धावपळ सुरू होते आणि तोवर मुदत संपते. जात प्रमाणपत्र, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर दाखला ही कामे मूल अकरावीत असतानाच उरकावीत. जे या यादीत येत नाहीत त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याची चौकशी करावी.

हे सर्व अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर होतात. सवलत वजा करून जो आकडा उरेल, तेवढेच कर्ज मागावे. मंजूर होते म्हणून जास्त उचलणे म्हणजे गिऱ्हाईक नसताना माल भरणे.

तारण, जामीन आणि आपला हिस्सा

"आमच्याकडे तारण ठेवायला काय आहे?" या एका वाक्यावर आपल्याकडचे निम्मे अर्ज मनातच फेटाळले जातात. म्हणून नियम नीट लक्षात घ्या.

४ लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, तेवढे पुरते. या रकमेपर्यंत आपला हिस्सा, ज्याला बँकेत मार्जिन म्हणतात, तोही भरावा लागत नाही. ४ लाखांच्या वर देशातील शिक्षणाला ५ टक्के आणि परदेशातील शिक्षणाला १५ टक्के हिस्सा आपण घालायचा असतो. मिळालेली शिष्यवृत्ती या हिश्श्यात धरता येते.

आदर्श योजनेप्रमाणे ४ ते साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थ जामीनदार आणि त्यापुढे मालमत्तेचे तारण, अशी पायरी आहे. मात्र २०१५ पासून केंद्र सरकारचा एक हमी निधी आहे. त्यातून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जात बुडीत रकमेच्या ७५ टक्के हमी बँकेला मिळते. कर्ज या हमीखाली घेतले तर तारणही लागत नाही आणि त्रयस्थ जामीनही लागत नाही. शाखेत गेल्यावर "माझ्या मुलाचे कर्ज हमी योजनेखाली घ्याल का?" हा प्रश्न स्पष्ट विचारावा. विचारल्याशिवाय कोणी सांगेलच असे नाही.

कर्जातून फी, वसतिगृह, परीक्षा व प्रयोगशाळेचे शुल्क, पुस्तके, अवजारे आणि अभ्यासाला लागणारा संगणक एवढे बसते. फीची रक्कम बँक सहसा थेट कॉलेजला आणि वर्षावर्षाने देते. पावतीशिवाय मागितले जाणारे डोनेशन कोणत्याही कर्जात बसत नाही, हे लक्षात ठेवावे.

हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही

आता मुख्य मुद्दा. या लेखातील एकच गोष्ट ध्यानात ठेवायची झाली तर ही ठेवा.

बँकेत सांगतात, "शिक्षण चालू आहे तोवर आणि त्यानंतर एक वर्ष काही भरायचे नाही." ऐकणाऱ्याला वाटते, एवढा काळ पैसे फुकट वापरायला मिळाले. तसे नाही. या काळाला मोरेटोरियम म्हणतात, आणि त्यात फक्त हप्ता थांबलेला असतो. व्याजाचे मीटर पहिला रुपया कॉलेजला गेला त्या दिवसापासून चालू होते. या काळात व्याज सरळ पद्धतीने मोजतात, पण काळ संपला की साठलेले सगळे व्याज मुद्दलात मिळवले जाते आणि त्या मोठ्या रकमेवर हप्ता बांधला जातो.

आपल्या गादी-कारखानदारांचाच हिशेब मांडू. चार वर्षांचा अभ्यासक्रम, दरवर्षी १ लाख, एकूण ४ लाख. हिशेब सोपा जावा म्हणून दर सालीना १० टक्के धरू. शिक्षणाची ४ वर्षे आणि पुढचे १ वर्ष, असा हप्ता नसलेला काळ ५ वर्षांचा.

पहिल्या वर्षी उचललेल्या लाखावर ५ वर्षांचे व्याज : ५०,०००
दुसऱ्या वर्षीच्या लाखावर ४ वर्षांचे : ४०,०००
तिसऱ्या वर्षीच्या लाखावर ३ वर्षांचे : ३०,०००
चौथ्या वर्षीच्या लाखावर २ वर्षांचे : २०,०००
एकूण साठलेले व्याज : १,४०,०००

म्हणजे मुलगा पास होऊन नोकरीला लागेल तेव्हा त्याच्या डोक्यावर ४ लाख नव्हे, ५ लाख ४० हजार असतील. ते १० वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१३६ रुपये येतो.

आता दुसरा मार्ग पाहू. घरच्यांनी शिक्षण चालू असतानाच फक्त व्याज भरत जायचे. पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षी १,६६७, तिसऱ्या वर्षी २,५००, पुढची दोन वर्षे ३,३३३. पाच वर्षांत भरले तेच १,४०,०००. पण मुलाच्या डोक्यावर राहिले फक्त ४ लाख, आणि हप्ता आला सुमारे ५,२८६ रुपये. दर महिन्याला १,८५० रुपये कमी. दहा वर्षांत हा फरक सुमारे २ लाख २२ हजारांचा होतो. आधी भरलेले १ लाख ४० हजार त्यातून वजा केले तरी ८२ हजार वाचले. शिवाय शिकण्याच्या काळात व्याज वेळेवर भरणाऱ्यास दरात १ टक्का सूट देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. तुमची बँक ती देते का, हे विचारून घ्यावे.

एखादा मुरलेला व्यापारी म्हणेल, "तोच पैसा मी मालात फिरवला तर?" प्रश्न रास्त आहे. धंद्यात तो पैसा खात्रीने वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त मिळवत असेल, आणि मुलगा हप्ते भरू लागेल तेव्हा तो काढून देण्याची तुमची शिस्त असेल, तर तसे करावे. पण छातीवर हात ठेवून सांगा, गल्ल्यात राहिलेले ८३३ रुपये महिनाअखेर सापडतात का?

आणखी एक सूचना. हे दर सहसा बदलते असतात. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर वरखाली झाला की कर्जाचा दरही हलतो. म्हणून आजचा हप्ता दहा वर्षे तसाच राहील असे धरू नये.

उत्पन्नाच्या दाखल्याची किंमत

वरचे १,४०,००० रुपये काही कुटुंबांना भरावेच लागत नाहीत. ते सरकार भरते.

२००९-१० पासून केंद्राची व्याज अनुदान योजना चालू आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि मुलगा किंवा मुलगी देशातील मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक वा व्यावसायिक अभ्यासक्रम शिकत असेल, तर शिक्षणाच्या काळाचे व पुढच्या एका वर्षाचे संपूर्ण व्याज सरकार भरते. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला हा लाभ मिळतो. आपल्या उदाहरणात याचा अर्थ असा की तहसील कचेरीतून काढलेल्या एका उत्पन्नाच्या दाखल्याची किंमत १ लाख ४० हजार रुपये आहे. तो दाखला न काढणे म्हणजे तेवढ्या रकमेचा माल रस्त्यावर टाकून येणे.

अटी लक्षात ठेवा. कॉलेज किंवा अभ्यासक्रम नॅक अथवा एनबीए मूल्यांकन झालेला, किंवा संस्था राष्ट्रीय महत्त्वाची वा केंद्राच्या निधीवर चालणारी असावी लागते. प्रवेश घेण्याआधीच कॉलेजला याचा कागद मागावा. लाभ एकदाच मिळतो, पदवीला किंवा पदव्युत्तरला. आणि विद्यार्थ्याने आजारपणाखेरीज इतर कारणाने शिक्षण मध्येच सोडले, तर अनुदान बंद होते. ही अट मुलाला समोर बसवून सांगावी.

ज्यांचे उत्पन्न साडेचार लाखांच्या वर पण ८ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली. राष्ट्रीय क्रमवारीत वरच्या स्थानावर असलेल्या निवडक संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळवणाऱ्यास तारण व जामिनाशिवाय कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. सुरुवातीला अशा ८६० संस्था धरल्या होत्या, आणि यादी दरवर्षी नव्याने होते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती वा व्याज सवलत न घेणाऱ्या विद्यार्थ्यास, हप्ता नसलेल्या काळात १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते. वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांना ती देण्याचे ठरले आहे. आपल्या उदाहरणात ही सवलत ४२,००० रुपयांची होते. अर्ज पीएम-विद्यालक्ष्मी पोर्टलवरच करावा लागतो.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज अनुदान देणारी 'पढो परदेश' योजना केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली आहे. तिचे नाव सांगून कोणी अर्जाचे पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

महामंडळाचा मार्ग

राष्ट्रीय अल्पसंख्याक महामंडळाच्या शैक्षणिक कर्जात कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे दोन वर्ग आहेत. कमी उत्पन्नाच्या वर्गाला सालीना ३ टक्के, तर त्यावरच्या वर्गात मुलांना ८ व मुलींना ५ टक्के दर आहे. महाराष्ट्रात मौलाना आझाद महामंडळाची डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम शैक्षणिक कर्ज योजना आहे आणि तिचा दरही ३ टक्के आहे. वरच्याच उदाहरणात १० ऐवजी ३ टक्के धरले, तर पाच वर्षांचे व्याज १ लाख ४० हजारांऐवजी ४२ हजार होते.

दर पाहून सगळ्यांनाच हा मार्ग आवडेल. पण इथे निधी ठरलेला असतो, जामीनदार मागितला जातो आणि मंजुरीला वेळ लागतो. कॉलेज मात्र फीसाठी थांबत नाही. म्हणून जिल्हा कार्यालयात आधीच चौकशी करून ठेवावी आणि बँकेचा पर्यायही हाताशी ठेवावा.

व्याजाबद्दल

आपल्या वाचकांपैकी अनेकांना व्याजाचा व्यवहारच नको असतो. हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्या विश्वासातील जाणकार आलिमांकडून घ्यावे. ते देण्याचा अधिकार व्यापाराच्या पानाला नाही. आम्ही फक्त हिशेबाची बाजू सांगू शकतो.

पहिली गोष्ट, फीमाफी व शिष्यवृत्तीत व्याजाचा प्रश्नच येत नाही, तेव्हा ते मार्ग आधी संपवावेत. दुसरी, केंद्राच्या अनुदानात पहिल्या काळाचे सारे व्याज सरकार भरते, आणि शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड नसतो. हा काळ संपताच ज्या घराने मुद्दल एकरकमी फेडली, त्या घराच्या खिशातून व्याजापोटी काही जात नाही. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट ही की बँकेचे व्याज नको म्हणून शेठच्या उचलीकडे किंवा चढ्या भावाने घेतलेल्या उधार मालाकडे वळणारा माणूस व्याजातून सुटत नाही. त्याला फक्त व्याजाचा आकडा दिसेनासा होतो.

सही मुलाची, नाव तुमचेही

कर्ज मुलाच्या नावावर असले तरी सहकर्जदार तुम्ही आहात. त्याचा अर्थ समजून सही करा. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते बुडीत वर्गात जाते. त्याची नोंद सिबिलसारख्या संस्थांकडे मुलाच्या नावाने होते, तशीच तुमच्याही नावाने होते. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० असा असतो. तो घसरला की तुमच्या दुकानाची कॅश क्रेडिट मर्यादा वाढवताना, नवा माग किंवा मशीन घेण्यासाठी कर्ज मागताना बँक हात आखडता घेते. मुलाने तीन हप्ते चुकवले आणि बापाचा सीझनचा माल अडला, असे होऊ शकते.

म्हणून कर्जाचे खाते तुमच्या मोबाईलवरही दिसेल अशी व्यवस्था करा. नोकरी मिळायला वेळ लागला तर गप्प बसू नका. हप्ता चुकण्याच्या आधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा. आदर्श योजनेत परतफेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत देता येते. आधी येऊन बोलणाऱ्या कर्जदाराला मदत करणे बँकेलाही सोपे जाते. आपणही उधारी थकलेल्या गिऱ्हाइकात हाच फरक करतो.

कागदपत्रांत अडकणारी माणसे

आपल्याकडचे बरेच अर्ज पैशापेक्षा कागदावर अडतात. त्यातली दोन कारणे नेहमीची.

पहिले, नावाचे स्पेलिंग. आधारवर शेख एका तऱ्हेने, गुणपत्रिकेवर दुसऱ्या तऱ्हेने. एका कागदावर मोहम्मद पूर्ण, तर दुसऱ्यावर नुसते मोहद. आपल्याला तो एकच माणूस दिसतो, संगणकाला दोन दिसतात. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव प्रमाण धरून आधार, पॅन आणि बँक खाते अकरावी-बारावीतच जुळवून घ्यावे.

दुसरे, उत्पन्नाचा पुरावा. रोखीत चालणाऱ्या धंद्याला कागद नसतो, आणि कागद नसलेल्या कमाईवर बँक विश्वास ठेवत नाही. दुकानाची नोंदणी, उद्यम नोंदणी, बँकेतून केलेले व्यवहार आणि शक्य असेल तर दोन-तीन वर्षांची आयकर विवरणे तयार ठेवावीत. पण धंद्याच्या कर्जासाठी विवरणपत्रात उत्पन्न मोठे आणि अनुदानासाठी दाखल्यात लहान, अशी दोन तोंडे ठेवू नका. दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात. अनुदान तर जातेच, पण अब्रूही जाते.

जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, हेही आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

शाखेने परत पाठवले तर

"तुमचा भाग आमच्या शाखेत येत नाही" असे सांगून परत पाठवल्याच्या तक्रारी आमच्या कानावर येतात. विद्यार्थ्याचे घर सेवाक्षेत्रात येत नाही या कारणाने शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना कळवले आहे. कोणी तोंडी नकार दिला तर भांडू नये. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि नकाराचे कारण लेखी मागावे. मग बँकेच्या तक्रार कक्षाकडे लिहावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे लागत नाहीत.

सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा. दर किती, आणि तो वर्षाचाच ना? हप्ता नसलेल्या काळाचे व्याज किती साठेल? मी व्याज अनुदानात बसतो का? हमी योजनेखाली कर्ज घ्याल का? शेवटी हप्ता किती येईल? पाचही उत्तरे वहीत लिहून घेतल्याशिवाय पेन हातात घेऊ नये.

गादी-कारखानदारांनी शेवटी शेठकडून रक्कम उचलली नाही. तहसील कचेरीत दोन फेऱ्या झाल्या, मुलाच्या आधारवरील नाव दुरुस्त करण्यात आठ दिवस गेले, पहिल्या शाखेतून परतही यावे लागले. दुसऱ्या शाखेने अर्ज घेतला आणि कर्ज मंजूर झाले, तेही व्याज अनुदानासह. आता त्यांची धाकटी मुलगी दहावीत आहे. तिचे दाखले काढायला त्यांनी यंदाच सुरुवात केली आहे.